सुमे, माझं नाव तुझ्याच हातून

हॅनोवर, ९ नोव्हेंबर २०२५

सुमे,

चार महिने तुझा फोन आला की मी "मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून द्यायचे. मीटिंग नसायची गं. सांगायची हिंमत होत नव्हती. तब्येत बरी आहे, गुडघा जसा होता तसाच.

जुलैत मी इथलं, जर्मनीचं, नागरिकत्व घेतलं. परवा माझा जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत आला. तो हातात धरून स्वयंपाकघरात किती वेळ उभी होते कोण जाणे.

इथे २७ जून २०२४ पासून दोन नागरिकत्वं चालतात. माझ्या शेजारी बसणारी तुर्की बाई दोन्ही पासपोर्ट बाळगते. आपल्याकडे १९५५ च्या कायद्याचं कलम ९ आहे: आपणहून दुसरं नागरिकत्व घेतलं की आपलं संपलं. इकडचं प्रमाणपत्र हातात पडलं त्याच क्षणी मी तिकडची उरले नाही. काहीजण जुना पासपोर्ट गुपचूप वापरत राहतात. तो गुन्हा आहे, आणि नसता तरी मला ते जमलं नसतं.

ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्डाचा अर्ज केलाय. नावात 'नागरिक' असलं तरी तो आयुष्यभराचा व्हिसाच. मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि कार्ड येईपर्यंत तेवढंही नाही. उद्या आईला काही झालं तर तिच्या दारात यायला मला आधी व्हिसा काढावा लागेल. रात्री तीनला जाग येते ती याच विचाराने.

मग घेतलंस कशाला, असं विचारशील. अकरा वर्षं इथे कर भरते, शाळेच्या पालकसभेत तावातावाने बोलते, आणि मतदानाच्या दिवशी घरी बसते. ते टोचत होतं. "दोन डगरींवर हात ठेवू नकोस, राहतेस तिथली हो नाहीतर परत ये," असं तू म्हणालीस म्हणून मी वर्षभर अबोला धरला होता. बरोबर तूच होतीस. पण परत आले असते तर बरं, असं आजही वाटतं.

सातबाऱ्यावरचं नाव मात्र राहतं. वारसाने आलेली जमीन जात नाही. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकता येते. दादाने हक्कसोडपत्र पुढे सरकवलं तेव्हा तू माझ्या हातातलं पेनच काढून घेतलंस. तो अजून ते पेन शोधतोय म्हणे!

आता खरं काम. मतदार यादीतून माझं नाव काढायला हवं. फॉर्म ७ भरून पाठवतेय. आपल्या भागाची मतदार यादी बघणारी बीएलओ तूच. परदेशातल्या मतदाराला मतदानाला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतःच यावं लागतं, म्हणून गेल्या वर्षी २० नोव्हेंबरला मी रजा काढून आले होते. शाळेबाहेरच्या टेबलावरून तू माझं शाई लावलेलं बोट धरून सगळ्यांना दाखवलंस, "बघा, ही कुठून आली मत द्यायला!" तेच नाव आता तू कापायचंस. दुसऱ्या कुणाच्या हातून ते नको वाटतं.

तुझं वाढीव मानधन मिळालं का? पिंट्याचा गणिताचा क्लास लागला का? सासूबाईंना नमस्कार.

फॉर्म पोचला की फोन कर. या वेळी उचलेन.

तुझी,
मंदा