बाबा, ती घडी आता मी घालते

चँडलर, ॲरिझोना
9 मार्च 2025

ती. आई आणि ती. बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. रोज व्हिडिओ कॉल होतो, तरी हे कागदावर लिहितेय. फोनवर आईचे डोळे भरून आले की माझं बोलणं अर्धवट राहतं, आणि बाबा "बरं, बरं" म्हणत फोन आईकडे देऊन टाकतात. कागदावर मला शेवटपर्यंत बोलता येईल.

मी विमानातून पॅराशूट लावून उड्या मारते, हे तुम्हाला जानेवारीत मामेबहिणीकडून कळलं. ते माझ्याकडून कळायला हवं होतं. सप्टेंबरपासून चार महिने मी लपवलं, ते चुकलं. त्याबद्दल मी दोघांची मनापासून माफी मागते.

त्या रात्री आई खूप बोलली. बाबा, तुम्ही मात्र एकच विचारलंत, "ती छत्री भरून ठेवतं कोण?" मी म्हटलं, इथे पॅकर असतात, घडीमागे पैसे घेतात आणि भरून देतात. त्यावर तुम्ही विचारलंत, "तू ओळखतेस त्याला?" मला उत्तर देता आलं नाही. तोवर माझ्या अकरा उड्या झाल्या होत्या आणि एकदाही हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता.

मग मला तुमची ती जुनी सवय आठवली. विजेच्या तारांवर काम करताना सबस्टेशनवरून लाइन बंद झाल्याचा निरोप आला, कामाचं परमिट हातात आलं, तरी स्वतःच्या हाताने डिस्चार्ज रॉड लावून अर्थिंग केल्याशिवाय तुम्ही तारेला बोट लावत नव्हता. लहानपणी मला वाटायचं, बाबांचा कुणावर विश्वासच नाही. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी ड्रॉपझोनवर गेले, उडीसाठी नाव दिलंच नाही. ऑफिसात जाऊन सांगितलं, मला पॅकिंग शिकायचंय.

ड्रॉपझोन म्हणजे जिथून उड्या मारतात ती जागा. माझी एलॉय गावाजवळ आहे, घरापासून गाडीने तासाभरावर, फिनिक्स आणि टूसॉनच्या मधल्या वाळवंटात. आजूबाजूला माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे सग्वारो निवडुंग आणि कापसाची शेतं. तिथला कापूस पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आजोळ आठवलं होतं. विमान तेरा हजार फुटांवर नेतं. तिथून साधारण मिनिटभर आपण पडत असतो, ताशी 190 किलोमीटरच्या आसपास. ती गती काही सेकंदांत मोडून आपल्याला अलगद खाली आणायचं काम ज्या कापडाचं, त्याची घडी, बाबा, तुम्ही म्हणता ती.

तुमच्या डोळ्यासमोर लष्कराची गोल छत्री असेल. ही तशी नसते. ही लांबट चौकोनी असते आणि हवा भरली की पंखासारखी फुगते. 1960च्या दशकात डॉमिना जॅलबर्ट यांनी पतंग आणि विमानाचा पंख यांची सांगड घालून ही रचना काढली. कापडाचे शेजारी शेजारी कप्पे, माझ्या छत्रीला नऊ, पुढून उघडे. त्या उघड्या तोंडांतून हवा शिरते आणि कापडाचा पंख होतो. नवशिक्यांना मोठी देतात. माझी 230 चौरस फुटांची आहे, म्हणजे आपली बाहेरची खोली झाकून वर उरेल एवढं कापड. ते सगळं पाठीवरच्या पिशवीच्या अर्ध्या भागात बसवायचं, कारण उरलेल्या अर्ध्यात दुसरी छत्री असते.

तिथे शिकवणाऱ्या बाई साठीच्या आहेत, त्या रिगर आहेत. रिगर म्हणजे छत्र्यांची तपासणी आणि दुरुस्ती करायचा सरकारी परवाना असलेला माणूस. त्यांनी मला चटईवर बसवलं आणि भरलेली छत्री हळूहळू उघडून दाखवली. आधी पिन, मग झडपा, मग आतली पिशवी, मग दोऱ्या, शेवटी कापड. म्हणाल्या, उघडण्याचा क्रम आधी पाठ कर, घडी त्याच्या उलट येते.

आई, तेव्हा मला तू दिसलीस. सिव्हिल हॉस्पिटलच्या थिएटरमागची ती खोली, ऑटोक्लेव्हची वाफ, आणि लांब टेबलाशी उभी राहून गाऊनच्या घड्या घालणारी तू. शाळा सुटली की मी तिथे स्टुलावर बसून गृहपाठ करायचे. तू गाऊन उलटा करून, आतली बाजू बाहेर ठेवून घडी घालायचीस. असं का, विचारलं तर म्हणायचीस, डॉक्टरांचा हात फक्त आतल्या बाजूला लागला पाहिजे, त्यांनी नुसता गळ्याशी धरला की गाऊन आपोआप खाली सुटला पाहिजे. ड्रममध्ये जे आधी लागणार ते सगळ्यात वर. घालताना उघडणाऱ्याचे हात डोळ्यासमोर ठेवायचे, हे मी त्या स्टुलावर ऐकलं होतं आणि चटईवर मला ते समजलं.

आता मी काय करते ते नीट सांगते. पत्राचा खरा मजकूर हाच आहे.

आधी दोन्ही ब्रेकच्या दोऱ्या ठरलेल्या जागी अडकवायच्या, म्हणजे छत्री निम्म्या ब्रेकमध्ये उघडते, उसळी घेऊन पुढे पळत नाही. मग पायलट चूट. ही छोटी छत्री, परातीपेक्षा थोडी मोठी. पडताना आपण ती हाताने वाऱ्यात फेकतो, ती वारा धरते आणि पिन ओढून मोठीला बाहेर काढते. मोठी उघडली की आतली एक दोरी हिला मिटवून टाकते, म्हणजे ती मागे ओढत राहत नाही. ती दोरी पुढच्या घडीच्या आधी पुन्हा ताणून ठेवावी लागते. बाबा, माझी पहिली मोठी चूक इथे झाली. तिसऱ्या सरावाच्या घडीत मी ती ताणायला विसरले. पिशवी बाहेरून अगदी सुबक दिसत होती. बाईंनी पायलट चूटला जोडलेल्या पट्टीवरच्या छोट्या खिडकीत पाहिलं, दोरी ताणल्याची रंगीत खूण तिथे नव्हती. त्या रागावल्या नाहीत. पायलट चूट माझ्या हातात देऊन धावायला सांगितलं. मी धावले, आणि ती ओल्या फडक्यासारखी मागे लोंबत राहिली. वारा धरलाच नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. आता ती रंगीत खूण मी दोनदा बघते, आधी घडी सुरू करताना आणि मग पिन लावल्यावर.

त्यानंतर दोऱ्या. पाठपिशवीपासून कापडापर्यंत त्या बोटांमध्ये धरून चालत जायचं, कुठे पीळ नाही, एकीखालून दुसरी गेलेली नाही याची खात्री करत. मग सगळं कापड खांद्यावर घ्यायचं. पुढची नऊ तोंडं मोजायची. दोऱ्यांचे चार गट असतात, पुढून मागे. प्रत्येक दोन गटांच्या मधलं कापड बाहेर काढून चापून सरळ करायचं. दोऱ्या सगळ्या मधोमध, कापड सगळं दोन्ही बाजूंना. नऊवारीच्या निऱ्या ज्या हातांनी येतात त्याच हातांनी हे येतं. माझ्या हातांना ते लवकर आलं, बाईंनी कारणही विचारलं. मी म्हटलं, आईने शिकवलंय.

दोऱ्यांवर एक चौकोनी कापड असतं, चार कोपऱ्यांना कड्या. त्याला स्लायडर म्हणतात. घडी घालताना तो अगदी वर, छत्रीला टेकलेला हवा. उघडताना वारा त्याला वर दाबून धरतो, छत्री फुगत फुगत त्याला खाली ढकलते, आणि त्या रेटारेटीत जे तीन-चार सेकंद जातात त्यांच्यामुळे धक्का सोसवतो. तो खाली राहिला तर छत्री एकदम फुटल्यासारखी उघडते. कापड फाटू शकतं, मान-पाठ दुखावू शकते. सगळ्या घडीत मला हा तुकडा सगळ्यात जास्त आवडतो. एवढंसं कापड, पण जोराला थोपवून धरतं.

मग शेपटीचं कापड सगळ्याभोवती गुंडाळायचं, गाठोडं चटईवर निजवायचं आणि त्यावर अंग टाकून हवा काढायची. इथेच नवशिक्यांचे हात टेकतात. या नायलॉनमधून हवा जवळजवळ जातच नाही, आणि नवं कापड इतकं गुळगुळीत की एका बाजूने दाबलं तर दुसरीकडून निसटतं. पहिल्या दिवशी मला दीड तास लागला आणि तळहात सोलवटले. जोर लावून ते होत नाही. गुडघा हळू टेकवायचा आणि हवेला जायला वेळ द्यायचा. मग नागमोडी घडी करून पिशवीत सरकवायचं, पिशवीचं तोंड रबराच्या कड्यांमधून दोऱ्यांनी बंद करायचं, उरलेल्या दोऱ्या सारख्या मापाच्या वेटोळ्यांनी लावायच्या. पिशवी पाठीवरच्या कप्प्यात, झडपा क्रमाने, आणि एका छोट्या फाशातून वाकडी पिन.

तो फासा ओढून घ्यायला एक सुटी दोरी वापरतात. पिन बसली की ती दोरी सावकाश काढून घ्यायची, आणि ती हातात परत आलीच पाहिजे. राहून गेली तर उघडताना घात करू शकते. आई, ऑपरेशन संपताना तू रक्त टिपायचे मॉप मोजायचीस ना, पोट शिवायच्या आधी? आकडा जुळेपर्यंत डॉक्टरांनाही थांबवायचीस. मी ती दोरी काढली की मनगटाला बांधते आणि मोठ्याने "एक" म्हणते. शेजारच्या चटईवरच्यांना आता सवय झाली आहे.

बाबा, दुसऱ्या छत्रीचंही सांगते, कारण तुमचा पुढचा प्रश्न तोच असेल. ती रिझर्व्ह. तिला मी हात लावू शकत नाही. ती फक्त रिगरच भरतो, दर 180 दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा भरावी लागते, आणि पिनेला लाल दोरा व शिशाचं सील असतं, आपल्या मीटरच्या सीलसारखं. पुस्तिकेत रिगरची सही असते. शिवाय पाठीवर एक छोटं यंत्र असतं, सायप्रस नावाचं. जर्मनीच्या हेल्मुट क्लॉथ यांनी ते 1991मध्ये आणलं. मी बेशुद्ध झाले आणि साधारण 750 फुटांवरही वेगाने पडतच असले, तर ते स्वतःहून रिझर्व्ह उघडतं. मुख्य छत्री मात्र इथल्या नियमाने रिगर भरू शकतो, त्याच्या देखरेखीखाली दुसरा कुणी भरू शकतो, किंवा जो उडी मारणार तो स्वतः. त्या तिसऱ्या जागी आता मी आहे.

22 फेब्रुवारीला मी स्वतः भरलेल्या छत्रीने पहिली उडी मारली. विमानात बसण्याआधी बाईंनी पिन पाहिली, बाकी काही बोलल्या नाहीत. वर जाताना वीस मिनिटं मी घडीच मनात उलट्या क्रमाने उघडत होते. साडेपाच हजार फुटांवर पायलट चूट फेकली. पाठीवरचं वजन उठलं, दोऱ्या ताणल्या, स्लायडर फडफडत खाली येताना दिसला. वर पाहिलं तर नऊही कप्पे फुगलेले, पण दोऱ्यांना दोन पीळ पडलेले. तुम्हाला हे लपवणार नाही. असा पीळ पडतो, त्याची कारणं काही असतात, त्यातलं एक म्हणजे वेटोळी समान नसणं. शिकवल्याप्रमाणे दोऱ्यांचे पट्टे बाजूला रेटले, पाय मारले, पीळ सुटले. वळवून पाहिली, ब्रेक लावून पाहिले, सगळं ठीक होतं. मग कापसाच्या शेतांवरून फिरत मी रडले. उतरल्यावर पुन्हा चटईवर जाऊन आधी वेटोळ्यांची मापं तपासली. डावीकडची बोटभर लांब होती.

मुख्य छत्री कधी उघडणारच नाही असं मी म्हणत नाही. कुणी तसं म्हणालं तर विश्वास ठेवू नका. त्या वेळी काय करायचं, कोणतं हँडल आधी आणि कोणतं नंतर, ते मी रोज सकाळी ब्रश करण्याआधी हाताने करून बघते. रोज.

आई, 2004मध्ये पुण्याच्या शीतल महाजननी उत्तर ध्रुवावर उडी मारली तेव्हा तू पेपरातलं कात्रण कापून माझ्या वहीत ठेवलं होतंस. पुढे 2018मध्ये त्यांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, तो व्हिडिओही तूच मला पाठवलास. मला माहीत आहे, दुसऱ्याची लेक आणि आपली लेक यात फरक असतो. तरी ते कात्रण माझ्याकडे अजून आहे.

आतापर्यंत स्वतःच्या नऊ घड्यांवर उड्या झाल्या. वेळ पंचेचाळीस मिनिटांवर आली आहे. इथले पॅकर दहा मिनिटांत करतात, पण मला घाई नाही.

तुमचं नोव्हेंबरचं तिकीट मी काढतेय. उडी बघायला चला असा आग्रह करणार नाही. पॅकिंगच्या शेडमध्ये मात्र या. सावली असते, पंखे असतात, आईच्या गुडघ्यांसाठी खुर्ची सांगून ठेवली आहे. आईने माझ्या घडीत खोट काढावी असं मला फार वाटतं. आणि बाबा, विमानात चढण्याआधी पाठीवरची पिन दुसऱ्या कुणीतरी बघायची असते, ती स्वतःला दिसत नाही. कुठे बघायचं ते मी दाखवीन. चष्मा बरोबर घ्या, जवळचा.

तुमची,
मनू