पिल्लू द्यायचं तर एकटं देऊ नका

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या अंकात जत्रेचा फोटो होता. एका मुलाच्या ओंजळीत गुलाबी रंगवलेलं कोंबडीचं पिल्लू. फोटो सुरेख होता. पण पिल्लू एकच होतं, आणि एकट्या पिल्लाचं काय होतं ते मी गेल्या पावसाळ्यापासून भोगते आहे, म्हणून हे पत्र.

मी संगमेश्वर तालुक्यातली निवृत्त शिक्षिका. जूनमध्ये खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखाली अकरा अंडी ठेवली होती. विसाव्या दिवशी भरदुपारी मुंगसाने कोंबडी मारली. अंडी गार पडायला लागलेली. खोक्यात भाताचं तूस घालून वर साठ वॉटचा बल्ब टांगला. बाविसाव्या दिवशी अकरातलं एक फुटलं.

फुटल्यापासून ते जे ओरडायला लागलं, ते घर डोक्यावर घेऊनच. भूक लागली असेल म्हणून मी कण्या टाकल्या. चूक माझी. पोटातला पिवळा बलक पिल्लाला दोन दिवस सहज पुरतो. ते ओरडतं थंडीनं, नाहीतर एकटेपणानं. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंश ऊब लागते, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी. दहा पिल्लं असली की एकमेकांना चिकटून निम्मं काम तीच करतात. एकट्याला तीही सोय नाही. त्यात आमच्याकडे पावसात वीज जाते! मग गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून दर दोन तासांनी बदलत बसायचं. खोक्यात खाली आपलाच अंक अंथरला होता, माफ करा, पण गुळगुळीत कागदावर पिल्लाचे पाय फाकतात. दुसऱ्या दिवशी गोणपाट घातलं.

ऊब पुरी झाली तरी ओरडणं थांबेना. ह्यांच्या दाढीचा आरसा खोक्यात उभा केला, तेव्हा ते आरशाला टेकून झोपलं. खायला शिकवायलाही कोणी नव्हतं. कोंबडी चोच आपटते तसं मी नखानं टकटक केलं की ते टिपायचं. पाण्याच्या झाकणीत खडे घातले, नाहीतर एवढुसं पिल्लू त्यातही बुडतं.

पाचव्या रात्री शेजारच्या खुडूक कोंबडीच्या पोटाखाली सरकवलं. तिनं घेतलं हो, पंख पसरून घेतलं. पण उजाडल्यावर माझा आवाज ऐकून हे बाहेर, थेट माझ्या पायाशी. पिल्लू पहिल्या एक-दोन दिवसांत जे हलताना बघतं त्यालाच आई मानतं. लोरेंझ नावाच्या शास्त्रज्ञामागं हंसाची पिल्लं फिरायची, हे मी वर्गात सांगायची. आता स्वयंपाकघर ते विहीर तेच चाललं होतं.

शेवटी आठवडा बाजारातून त्याच वयाची दोन आणली. दोन दिवस मधे जाळी ठेवली, मग सोडली. त्या रात्री घरात पहिल्यांदा शांतता झाली. पिल्लू विकणाऱ्याला विचारलं, एकेक का देतोस रे? म्हणाला, "बाई, पोरं एकच मागतात." रंगवलेली ही पिल्लं बहुतेक हॅचरीतले, म्हणजे अंड्यांसाठीच्या कोंबड्यांची पिल्लं यंत्रात उबवतात तिथले नर. त्यांना तिथं किंमत नाही, म्हणून स्वस्त. मुलगा हट्ट करतो, आई एक घेऊन देते, घरी ते रात्रभर ओरडतं आणि सकाळी पाय ताणून पडलेलं असतं.

माझी मागणी साधी आहे. जत्रेत रंगवलेली पिल्लं विकायला ग्रामपंचायतींनी परवानगीच देऊ नये. आणि साधी विकायची तर दोनाखाली देऊ नये. आपण रविवारच्या बालपानावर एवढं छापलंत तरी पुष्कळ.

आमचं आता आठ महिन्यांचा कोंबडा आहे. बाकी दोघी संध्याकाळी आंब्यावर चढतात, हा माझ्या खिडकीच्या चौकटीवर. कोंबड्यांशी त्याचं जमत नाही, माणसांना मात्र भीत नाही. टपालवाल्याच्या पोटरीला दोनदा चोच मारली आहे. हे पत्र म्हणूनच मी स्वतः नाक्यावरच्या पेटीत टाकून येणार आहे.

— एक वाचक, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी