कपलर काढण्यापूर्वी

चाळीसगाव,
८ जून २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा रात्री फोनवर तू म्हणालास की गाडी पुन्हा मिसिंग करू लागली आहे, म्हणजे मध्येच एखादा सिलिंडर पेटत नाही, आणि या आठवड्यात सिलिंडरांना ठिणगी पुरवणाऱ्या चारही कॉइल बदलून टाकायच्या असे तू ठरवले आहेस. शहाद्याकडून आवाज तुटत होता, म्हणून त्या वेळी मी फार बोललो नाही. पण तेव्हापासून मन स्वस्थ नाही, कारण फाल्गुनापासून वैशाखापर्यंत माझ्या गाडीच्या बाबतीत अगदी हेच घडले आणि त्यात पैसा तर गेलाच, शिवाय खरे कारण दोन महिने हातातून निसटत राहिले. म्हणून हे पत्र सविस्तर लिहितो आहे. कॉइल मागवण्याआधी ते एकदा शांतपणे वाच.

मुलगी छत्रपती संभाजीनगरला शिकते, त्यामुळे महिन्यातून तीन-चार वेळा मला आपला कन्नडचा घाट चढावा लागतो. घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबलो आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा निघालो की दुसऱ्या गिअरमध्ये गाडी दोन-चार झटके द्यायची, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा आणि माथ्यावर पोहोचेपर्यंत सारे पूर्ववत व्हायचे. सकाळी गॅरेजमध्ये नेली तर इंजिन असे सुरेल चाले की तक्रार सांगायलाच संकोच वाटावा. तिथल्या मिस्त्रींनी प्लग बदलले, मग इंजेक्टर साफ केले आणि शेवटी इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलकडे बोट दाखवले. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. गाडी त्यांच्यासमोर एकदाही बिघडली नाही, त्यामुळे अंदाजाने चालण्याखेरीज त्यांच्या हाती दुसरे काही नव्हते. पेट्रोलचा तर्क मात्र मला तेव्हाही पटला नव्हता. चारही सिलिंडरांना पेट्रोल एकाच टाकीतून आणि एकाच रेलमधून, म्हणजे इंजेक्टरांना जोडलेल्या सामाईक नळीतून, मिळते, मग खराब पेट्रोलने नेमका तिसराच सिलिंडर का धरावा?

तिसरा हे मला स्कॅनरवरून, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावरून, कळले होते. स्कॅनरवर पी ०३०० हा कोड आला तर मिसफायर, म्हणजे न पेटणे, कोणत्या एका सिलिंडरचे असे ठरलेले नसते. पी ०३०१ ते पी ०३०४ यांपैकी एखादा कोड आला तर शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक असतो. गाडीच्या संगणकाला ठिणगी दिसत नाही. त्याला क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, फिरण्याची गती मात्र कळते. प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्या असताना सेकंदाला २५ वेळा, आणि त्यातला एक धक्का चुकला की क्रँक क्षणभर मंदावतो. तेच संगणक मोजतो. म्हणूनच खड्ड्यांच्या रस्त्यावर ही मोजणी कधीकधी फसते आणि तिथला आकडा मी विश्वासाचा धरत नाही. आणखी एक फसगत सांगून ठेवतो. न पेटलेल्या सिलिंडरातली हवा तशीच बाहेर पडते, तिच्यातला प्राणवायू सायलेन्सरच्या वाटेवरच्या सेन्सरला जाणवतो आणि तो पेट्रोल कमी पडत असल्याचा निरोप देतो. तेवढ्यावरून पंप किंवा इंजेक्टर बदलायला निघू नये.

मी एक वही केली. झटका कधी आला, गिअर कोणता होता, चढ होता का, त्याआधी गाडी किती वेळ उभी होती, हे सारे लिहीत गेलो. १९ नोंदी झाल्या तेव्हा दिसले की त्यांतल्या १५ गरम गाडी थोडा वेळ उभी केल्यानंतरच्या आणि चढावरच्या आहेत. पहाटेची एकही नव्हती. इंजिन बंद झाले की पाण्याचे फिरणे थांबते, वारा थांबतो आणि आतली सारी उष्णता वर येऊन बोनेटखाली कोंडते. कॉइल नेमक्या तिथेच, इंजिनाच्या डोक्यावर बसलेल्या असतात. चढावर सिलिंडरातले मिश्रण अधिक दाबले जाते आणि ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. दोन्ही गोष्टी जोडल्या की तापल्यावर कमजोर पडणारी कॉइल असेच उत्तर येते. तुलाही हेच सांगितले गेले असेल, आणि उत्तर चांगले आहे. माझ्या गाडीपुरते ते चुकीचे ठरले.

कॉइल नवी आणण्याऐवजी आम्ही तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवली. दोष कॉइलमध्ये असेल तर तो तिच्यासोबत जाईल आणि पी ०३०२ येईल, असा हिशेब होता. कोड कोणताच आला नाही. अकरा दिवस गाडीने एकही झटका दिला नाही आणि अदलाबदलीत काहीतरी आपोआप जुळून आले असे समजून मी स्वस्थ बसलो. बाराव्या दिवशी घाटाच्या तिसऱ्या वळणावर दिवा लुकलुकला. कोड होता पी ०३०३.

त्या रात्री वही समोर ठेवून मी बराच वेळ बसलो होतो. कॉइल बदलूनही दोष तिसऱ्यावरच राहिला, म्हणजे कॉइल निर्दोष. प्लग नवे होते. इंजेक्टरला अदलाबदलीच्या वेळी आम्ही हातही लावला नव्हता, तरी दोष अकरा दिवस थांबला होता. मग त्या दिवशी आम्ही नेमके काय हलवले होते? फक्त कॉइल आणि तिचा कपलर, म्हणजे तिला वायर जोडणारा जोड. कपलर काढून पुन्हा दाबून बसवल्याने तात्पुरता संपर्क सुधारला होता. तपासणीनेच दोष झाकला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ४४ अंशांच्या उन्हात, गाडी फिरवून आणली, वीस मिनिटे उभी केली, इंजिन चालू केले आणि कोरड्या लाकडी काडीने तिसऱ्या कपलरची वायर हलकेच ढकलली. इंजिन लगेच थडथडले. काडी काढली, शांत झाले. पाच वेळा केले, पाचही वेळा तेच. महिनोन्‌महिने चकवणारा दोष हुकमी समोर आला, याचा आनंद तुला वेगळा सांगायला नको.

मल्टीमीटरने मात्र तिथे बारा व्होल्टच्या वर पुरवठा दाखवला होता. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे केसाएवढा संपर्क असला तरी आकडा पूर्ण दिसतो. कॉइलला मात्र काही अँपिअर लागतात. खरी परीक्षा पकडीची होती. कॉइलच्या पिनेच्या मापाची एक सुटी पिन घेऊन ती चारही कपलरच्या घरांत, म्हणजे पिन बसते त्या खाचांत, घालून पाहिली. इतर ठिकाणी ती घट्ट धरली जायची, तिसऱ्याच्या एका घरात आपोआप सरकायची. कपलरचे लॉकही तुटलेले होते. याच्या मुळाशी आणखी एक कारण निघाले. मागे कधीतरी टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, पॅकिंग बदलताना वायरिंगला इंजिनाशी बांधणारी क्लिप परत लावलेलीच नव्हती. चढावर जोर आला की इंजिन आपल्या माउंटिंगवर किंचित कलते, वायर ओढली जाते आणि तो ताण थेट त्या सैल पिनेवर पडतो. घाटात झटके का येत होते, ते तेव्हा पूर्ण कळले. नवी पिन, नवा कपलर, क्लिप, एवढ्यावर काम भागले. नंतर भर उन्हात तीन वेळा घाट चढलो आणि स्कॅनरवर तिसऱ्या सिलिंडरच्या मिसफायरची मोजणी शून्यावरून हलली नाही.

तुझ्या गाडीत हेच असेल असे मी म्हणत नाही. दोंडाईच्याच्या सिग्नलवर ती उभी असताना थरथरते असे तू मागे बोलला होतास. झटके उभ्या गाडीतच जास्त आणि रेस दिल्यावर कमी होत असतील, तर आधी व्हॅक्यूमचे पाइप आणि इनटेकचे, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेचे, पॅकिंग पाहा, तिथून जादा हवा शिरत असावी. तेही ठीक निघाले आणि एकच सिलिंडर वारंवार येत राहिला, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, मोजून घे. सिलिंडर क्रमांक एक बहुधा टायमिंग चेनच्या बाजूने मोजतात, हे लक्षात ठेव. दिवा लुकलुकू लागला की पाय हलका कर आणि फार चालवू नकोस. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागात, जाऊन पेटते आणि तो भाग कॉइलपेक्षा कितीतरी महाग आहे. काडी घेऊन वाकशील तेव्हा पंखा आणि पट्टा यांपासून बाही दूर ठेव.

आणि बॅटरीची तार सोडू नकोस, कोडही पुसू नकोस. कोड आला त्या क्षणी इंजिन किती गरम होते, किती फेऱ्या होत्या, भार किती होता, हे सारे गाडीच्या संगणकात साठलेले असते आणि स्कॅनरवर दिसते; त्याचा फोटो मला पाठव. तोपर्यंत एकाही कपलरला हात लावू देऊ नकोस. येत्या शनिवारी मी सुटी पिन आणि वही घेऊन सकाळच्या गाडीने धुळ्यापर्यंत येतो, तिथून पुढे तू मला घ्यायला ये, म्हणजे आपण पोहोचेपर्यंत इंजिनही चांगले तापलेले असेल.

तुझाच,
जुना सोबती