साखळी छिद्रात शिरते कशी?

संपादक महोदय,

नॅनोछिद्रातून, म्हणजे रेणूएवढ्या अतिसूक्ष्म छिद्रातून, डीएनए वाचण्याच्या तंत्रावर आपण लेख छापलात, याबद्दल आभार. मात्र ‘विजेचा दाब दिला की साखळी ओढली जाते’ एवढ्यावरच तो आटोपला, याची चुटपुट लागली.

पाण्यातली डीएनएसारख्या पॉलिमरची (एकापुढे एक जोडलेल्या छोट्या घटकांची) लांब साखळी सरळ पडून राहत नाही. पाण्याच्या रेणूंच्या धडका खात ती सतत वळवळते, हजार आकार घेते. चिंचोळ्या छिद्रात शिरायचं तर त्यातले बहुतेक आकार सोडावे लागतात. म्हणजे एन्ट्रॉपी (साखळीला किती आकार घेता येतात याचं माप) घटते, आणि तोच खरा अडसर. टोक आत डोकावतं, मागे सरतं, पुन्हा डोकावतं. 1996 मध्ये कॅसियानोविच, ब्रँटन, डीमर प्रभृती शास्त्रज्ञांनी जिवाणूच्या एका प्रथिनाचं, सर्वात अरुंद जागी जेमतेम दीड नॅनोमीटर रुंदीचं छिद्र वापरलं. एकेरी डीएनए आत असेपर्यंत छिद्रातून वाहणारा आयनांचा (विद्युतभारित कणांचा) प्रवाह घटलेला दिसला. साखळी जितकी लांब, तितका जास्त वेळ.

मी हा विषय शिकवते. प्रवाहाच्या आलेखातला तो खड्डा म्हणजे एकच रेणू पलीकडे जातोय, हे कळल्यावर विद्यार्थी प्रश्नांवर प्रश्न विचारतात. एन्ट्रॉपी म्हटलं की वाचक पान उलटतात, हा समज मला मुळीच पटत नाही. पुढच्या लेखात तिला दोन परिच्छेद तरी द्यावेत, ही विनंती.

आपली,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका