पतसंस्थेचा सर्व्हर बंद पडेल त्या दिवसासाठी: सहकारमंत्र्यांना खुले पत्र

मा. सहकारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांना यूपीआय आणि एटीएम वापरता येईना. या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या घातक सॉफ्टवेअरचा हल्ला झाला होता. तो पुढे पसरू नये म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने त्या कंपनीची जोडणी तोडली. दुसऱ्या दिवशी सेवा सुरू झाली. निदान या बँकांच्या डोक्यावर रिझर्व्ह बँक होती. नागरी सहकारी बँकांसाठी तिची श्रेणीनिहाय सायबर सुरक्षा चौकट डिसेंबर २०१९ पासून आहे.

पतसंस्था मात्र आपल्या खात्याच्या अखत्यारीत येतात. त्यांच्या ठेवींना डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचा पाच लाखांचा विमा लागू नाही, हे ठेवीदारांना आता ठाऊक आहे. त्यामुळे दोन दिवस काउंटरवर पैसे मिळाले नाहीत, की संस्था बुडाल्याची बोलवा उठते आणि सुस्थितीतल्या संस्थेच्या दारातही रांग लागते. सर्व्हरची दुरुस्ती दोन दिवसांत होईल, गेलेला विश्वास तेवढ्यात परत येत नाही. म्हणून आमची मागणी एकच आहे: सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली निर्देश काढून प्रत्येक पतसंस्थेला 'संगणक बंद' दिवसाची प्रत्यक्ष चाचणी बंधनकारक करा आणि कलम ८१ च्या लेखापरीक्षणात तिचा पुरावा तपासायला लावा.

'बॅकअप रोज घेतला जातो' या शेऱ्याने काही सिद्ध होत नाही. बॅकअप घेणे सोपे असते, तो परत चढवताना घोडे अडते. बॅकअपची हार्ड डिस्क सर्व्हरला कायम जोडलेली असली, तर रॅन्समवेअर मूळ डेटाबरोबर तीही कुलूपबंद करते. दोन डिस्क आलटून पालटून वापराव्यात, सम तारखेला एक आणि विषम तारखेला दुसरी. काम संपताच डिस्क काढून दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत जावी. बॅकअप फक्त रात्री होत असेल आणि दुपारी चारला सर्व्हर गेला, तर सकाळपासूनचे सगळे व्यवहार हातचे गेले. म्हणून दर तासाला डेटाबेसच्या लॉगची (व्यवहारांच्या क्रमवार नोंदीची) प्रत वेगळ्या यंत्रावर पडली पाहिजे. डेटा शाबूत असूनही तो उघडत नाही, असेही होते: नव्या संगणकावर डेटाबेसची आवृत्ती जुनी असते, सॉफ्टवेअरचा परवाना जुन्या सर्व्हरशीच बांधलेला असतो, किंवा अ‍ॅडमिन पासवर्ड एकट्या माणसाला माहीत असतो आणि तो रजेवर असतो. हे ऐन वेळी कळून उपयोग नाही. दर तिमाहीला एका मोकळ्या संगणकावर बॅकअप चढवावा, तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांचा गोषवारा) आदल्या दिवशीच्या तेरजेशी पैशापर्यंत जुळवावी आणि किती वेळ लागला ते लिहून व्यवस्थापक व अध्यक्षांनी सही करावी. लेखापरीक्षकाने हा कागद मागावा.

१९ जुलै २०२४ चा क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचा गोंधळ इथे आठवावा. एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. उपाय साधा होता, यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करून एक फाइल काढायची. पण बहुतेक ठिकाणी तो एकेका यंत्रासमोर बसून करावा लागला, आणि जिथे बिटलॉकर (विंडोजचे डिस्कवरचे कुलूप) होते तिथे ४८ अंकी किल्लीही लागली. अशा किल्ल्या, पासवर्ड आणि सॉफ्टवेअर पुरवठादाराचे फोन नंबर कागदावर, बंद पाकिटात, तिजोरीत हवेत.

आता काउंटर. दिवसअखेरीला खातेनिहाय शिल्लक यादी छापावी. ४,००० खाती, पानावर ५० ओळी, म्हणजे ८० पाने. खर्च किरकोळ आहे. दुसऱ्या दिवशी नवी यादी आली की जुनी फाडून नष्ट करावी, कारण ती गोपनीय आहे. संगणक बंद असताना या यादीवरून ठरावीक मर्यादेपर्यंत रोख द्यावी. मर्यादा संचालक मंडळाने आधीच ठराव करून ठेवावी. क्रमांक छापलेली व्हाउचर पुस्तके वेगळी ठेवावीत. पैसे देताच यादीतल्या त्या खात्यासमोर रक्कम लिहावी, नाहीतर तोच खातेदार दुसऱ्या खिडकीवर पुन्हा काढून नेईल. याच कारणाने त्या दिवशी इतर शाखांतून पैसे देऊ नयेत. एनईएफटी किंवा यूपीआयचे अडकलेले व्यवहार मेळ लागेपर्यंत पुन्हा करू नयेत. प्रणाली सुरू झाल्यावर एकाने व्हाउचर चढवावे, दुसऱ्याने तपासावे, आणि व्यवहाराची तारीख मूळचीच असावी, नाहीतर व्याज चुकते.

पिग्मीकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. एजंटच्या यंत्रातली वसुली अर्धवट अपलोड होऊन तुटली, तर दुसऱ्या प्रयत्नात तीच रक्कम दोनदा जमा पडते. एजंटने भरलेली रोकड आणि चढलेली एकूण रक्कम त्याच संध्याकाळी जुळवणे, याला पर्याय नाही.

विजेचे गणित सोपे आहे. सर्व्हर, तीन संगणक आणि राउटर मिळून साधारण ६५० वॅट धरले, तर १२ व्होल्ट, ६५ अँपिअर-अवरच्या चार चांगल्या बॅटऱ्या तीन तासांच्या आसपास टिकतात. तीन-चार वर्षांच्या झालेल्या बॅटऱ्या वीस मिनिटांत मान टाकतात, म्हणून महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून वेळ मोजावी. इंटरनेटच्या दोन जोडण्या एकाच खांबावरून येत असतील तर ती एकच जोडणी समजावी. दुसरी मोबाइल नेटवर्कवरची असावी.

लहान संस्थेला एकटीने पुरवठादाराशी भांडता येत नाही. तिथे आपल्या खात्याने नमुना करारनामा द्यावा: किती तासांत सेवा पूर्ववत होईल, करार संपला किंवा कंपनी बंद झाली तर संपूर्ण डेटा वाचता येईल अशा स्वरूपात किती दिवसांत मिळेल, आणि सायबर हल्ला झाल्यास सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला सहा तासांत कळवण्याचे काम कोण करील, हे त्यात स्पष्ट असावे.

पहिली चाचणी एखाद्या मंगळवारी-बुधवारी, गावचा बाजार नसेल अशा दिवशी, दोन तासांपुरती घ्यावी. मार्चअखेर टाळावी. ठेवीदारांसाठी आदल्या दिवशी दारावर सूचना लावावी.

आपले,
सहकारी संस्थांच्या संगणक प्रणाली आणि हिशेब तपासणीचे काम करणारे आम्ही