बाबा, तुतवार आलेत

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा विषय काढला की बाबा "बरं, बघू" म्हणतात आणि आईच्या हातात फोन देऊन पडवीत जातात, म्हणून लिहिते आहे. अक्षर मोठं काढलंय. तरी आई, तूच वाचून दाखव.

ठरलंय ते आधी सांगून टाकते. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशीची मांडवी एक्स्प्रेसची तिकिटं काढली आहेत. चिपळूण ते ठाणे, दोघांनाही खालचे बर्थ. ठाण्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवली आहे. तुम्हाला न विचारता हे केलं, कारण विचारलं असतं तर "पुढच्या वर्षी" म्हणाला असतात. मागच्या वर्षीही तेच म्हणाला होतात. दादाशी बोलले, त्याचं मत माझ्यासारखंच आहे. (फक्त तो तुमच्यासमोर बोलणार नाही, तुम्हाला ठाऊकच आहे.)

बाबा, चिडू नका. पक्ष्यांचं ऐका आधी.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऐरोलीच्या खाडीवर गेले होते, जावई आणि तुमची नात बरोबर होती. पौर्णिमेची भरती मुंबईला दुपारी बाराच्या पुढे-मागे येते, म्हणजे उजाडताना पार ओहोटी, हे गणित तुम्हीच शिकवलेलं. गेलो तेव्हा चिखल लांबवर उघडा पडला होता आणि पक्षी त्याच्या पार टोकाला. नात कंटाळली. मी तिला तिवरांच्या मुळांशी उड्या मारणाऱ्या निवट्या दाखवत बसले. मग पाणी चढायला लागलं. चिखलाची पट्टी अरुंद होत गेली तसे पक्षी थव्याथव्याने उठून अलीकडे येऊन बसायला लागले. शेकाटे, चिखल्या, गॉडविट, आणि तुतवार तर विचारू नका! शेपूट हलवत अगदी समोर. बोटीत बसेपर्यंत एवढे जवळ आले होते की दुर्बीण लावायची गरज नव्हती. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मात्र अजून यायचेत. सगळं मुंबई-पुणं त्यांच्यासाठीच येतं, पण मला विचाराल तर खाडीची खरी गंमत ते यायच्या आधी असते. गर्दी नाही, सेल्फी नाहीत.

टिलवे बघून तुमची फार आठवण आली. २५-३० ग्रॅमचा जीव, सैबेरियाच्या टुंड्रातून इथल्या चिखलात उतरतो. त्यांच्यात म्हणे मोठे पक्षी आधी निघतात आणि त्याच वर्षीची पिल्लं मागाहून, वाट दाखवायला कुणी नसताना येतात. आपल्याकडे उलटं झालं. पिल्लं केव्हाच उडाली आणि आईबाबा अजून चिपळूणला सामान बांधतायत.

या खाडीला २०१५ साली अभयारण्य जाहीर केलं तेव्हा तुम्ही मला कात्रण पाठवलं होतंत, समासात लाल पेनाने "बघून ये" लिहून. २०२२ मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आली तेव्हा सकाळी सकाळी फोन करून उठवलंत. आणि स्वतः मात्र एकदाही आला नाहीत. आधी आजीचं होतं, मग पूर आला, मग घर उभं करण्यात वर्षं गेली. पुरात तुमच्या पक्षीनोंदींच्या वह्या गेल्या त्यानंतर तुम्ही नवी वही घातली नाहीत. मी काही बोलले नाही, पण लक्षात आलं होतं.

आता जे फोनवर बोलता येत नाही ते. गणपतीत गोवळकोटला धक्क्यावर उभे होतो तेव्हा तुम्ही म्हणालात, "यंदा तुतवार आलेच नाहीत. पक्षी कमी झालेत." बाबा, तिथे होते. अगदी समोरच्या चिखलात. मोतीबिंदूत नुसतं धूसर दिसत नाही, रंगारंगांतला फरकही पुसट होतो, असं डॉक्टर म्हणाले. चिखल करडा, आणि या दिवसांत हे पक्षीही करडे, चांगल्या डोळ्यांना चकवतात. तुमची ओळख चुकलेली नाही हो. तुम्ही आवाजावरून धोबी पक्षी सांगितलात तो बरोबरच होता. फक्त भिंग जुनं झालंय, ते बदलायचं.

एकाच डोळ्याचं करायचं आधी, दुसऱ्याचं पुढे बघू. त्याच दिवशी घरी. साखर मात्र आटोक्यात हवी, नाहीतर तारीख पुढे जाईल, आणि तुम्हाला तेच हवं असेल तर मी ओळखून आहे. नंतर महिनाभर थेंब घालायचे, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकून वजन उचलायचं नाही. म्हणून बोट दत्तजयंतीच्या सुमारास ठेवली आहे, पौर्णिमेला लागून. तोवर रोहितही यायला लागलेले असतील.

आई, "जावयाच्या घरी दीड महिना कसं राहायचं" हे तू मनात म्हणते आहेस ते मला इथे ऐकू येतंय. त्यांनीच आतली खोली रिकामी केली, स्वतःचं टेबल हॉलमध्ये नेलं. बाथरूमला धरायला दांडी बसवून घेतली आहे, गरम पाणी नळाला येतं, लिफ्ट आहे. पहाटेचा चहा मी पाचला करीन, नाहीतर तू कर, ओटा तुझाच. गॅलरीत तुळस आहे, जरा सुकलीय, तुझ्या हाताची वाट बघतेय. पालेभाजीवाली दारात येते. परसातल्या झाडांना पाणी घालायचं आणि मनीला दूध घालायचं शेजारच्या वहिनींनी कबूल केलंय, माझं बोलणं झालंय त्यांच्याशी.

लहानपणी ताप आला की तुम्ही दोघं आळीपाळीने उशाशी बसायचात. बाबा कपाळावरची पट्टी बदलताना शिट्टीवर हळद्याचा आवाज काढायचे, आणि मी डोळे मिटून ओळखायचे. आता पाळी माझी, एवढंच.

तर नीट ऐका. बाबांनी आजपासून संध्याकाळनंतर स्कूटर काढायची नाही. समोरून गाडीचा दिवा आला की तुम्हाला काही दिसत नाही, हे आईने सांगितलं म्हणून तिच्यावर रागावू नका, मी खोदून विचारलं. साखरेची तपासणी याच आठवड्यात करून कागदाचा फोटो दादाला पाठवा. दिवाळीत करंज्या दोनच. गोळ्यांची चिठ्ठी आणि आधार कार्ड आईच्या पर्समध्ये, पिशवीत नको. गाडीत जेवण मिळतं, डबा घेतलात तर फक्त दहीभात. ठाण्याला आम्ही डब्याशी येऊ, स्वतः सामान उतरवायला जाऊ नका. आणि आई, कोकम, कुळथाचं पीठ वगैरे दोन पिशव्यांच्या वर आणलंस तर मी परत पाठवीन. आमसुलं चालतील.

तुमची,
चिमी

ता. क. नवी वही मी घेऊन ठेवली आहे, तुम्हाला लागते तशी, दोनशे पानी, एका रेघेची. तारीख तुम्ही घाला.