मागचा आरसा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीच्या शेवटच्या पानावर केशरोपणाची अर्धं पानभर जाहिरात होती. 'लग्नसराई धमाका, अनलिमिटेड ग्राफ्ट, एकच दर, हप्त्याची सोय.' (ग्राफ्ट म्हणजे एका जागचा मुळासकट काढून दुसरीकडं लावायचा केसांचा झुबका.) माझ्या सलूनमध्ये आपला पेपर येतो आणि नंबर लागेपर्यंत गिऱ्हाइकं तो राशिभविष्यापासून निविदा सूचनांपर्यंत सगळा वाचून काढतात. त्या एका दिवसात तिघांनी ती जाहिरात माझ्यापुढे धरून विचारलं, "काय म्हणता, करून टाकू का?" त्यांना जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो. जागा जास्त लागली तर माफ करा, जाहिरातही लहान नव्हती.

माझं दुकान भोरला आहे. वडिलांनंतर 1994 पासून मीच खुर्चीमागं उभा असतो. केशरोपण केलेलं डोकं डॉक्टर दोन-चारदा बघतो, मी दर महिन्याला बघतो, तेही मागून, पाणी मारून, मशीन लावून. म्हणून बिघडलेलं केशरोपण घरच्यांच्या आधी आम्हा लोकांना कळतं. गिऱ्हाईक त्याबद्दल बोलत नाही, मग आम्हीही बोलत नाही. काम झालं की मागं आरसा धरून "बरोबर आहे ना?" विचारायची आमची पद्धत. असं डोकं असलं की मी आरसा उचलायचाच विसरतो, मुद्दाम.

आता स्वतःच्या घरचं सांगतो. थोरल्या भावाचा मुलगा चाकणला कंपनीत आहे, वय 26. दोन स्थळांकडून फोटो बघूनच नकार आला, तेव्हा त्यानं कुणाला न सांगता केशरोपण करून घेतलं. 3,500 ग्राफ्ट, 85 हजार रुपये, बारा हप्ते. सकाळी डॉक्टर दहा मिनिटं आले, कपाळावर पेनानं रेघ आखली आणि गेले ते गेलेच. पुढचे नऊ तास दोन पोरं काम करत होती. एकाच्या मोबाइलवर मॅच चालू होती.

तो तिथं पोहोचला कसा, हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. त्या क्लिनिकचं कार्ड माझ्याच दुकानातल्या आरशाच्या चौकटीत खोचलेलं होतं. त्यांचा माणूस यायचा, चहा प्यायचा, "गिऱ्हाईक पाठवा, दर डोक्यामागं दोन हजार तुमचे" म्हणायचा. मी दोघांना पाठवलं होतं आणि पैसे घेतले होते. पुतण्याचे नाही घेतले, कारण तो गेलाय हेच मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात तो टोपी घालून आला. "काका, लावलेले सगळे गळाले." त्या वेळी मी त्याला धीर दिला आणि ते बरोबरच होतं. लावलेले केस दोन ते चार आठवड्यांत गळतात, मूळ आत राहतं. तीन-चार महिन्यांनी नवे बारीक कोंब दिसू लागतात. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, हे आमचं रोजचं गणित आहे. त्यामुळं खरं काय ते कळायला वर्ष जातं, भोवऱ्याकडच्या भागाला त्याहूनही जास्त. शिरवळचा एक टेम्पोवाला चौथ्या महिन्यात माझ्यापुढे रडला होता, "पैसे पाण्यात गेले" म्हणून. अकराव्या महिन्यात त्याचे केस मीच कापले, एकदम झकास. तेव्हा उगाच घाबरायचं नाही. पण कातडी काळी पडली, पू आला, ताप आला, तर एक दिवसही थांबू नये.

पुतण्याचं मात्र आठव्या महिन्यात मला दिसलं. पुढची रेघ भुवयांना फार जवळ आणि पट्टीनं आखल्यासारखी सरळ. माणसाचे पुढचे केस कधी असे ओळीत नसतात. तिथं एकेक बारीक केस मागंपुढं उगवलेला असतो, दाट केस त्याच्या मागं सुरू होतात. याच्या पहिल्याच ओळीत तीन-तीन केसांचे झुबके. आमच्याकडं भाताच्या लावणीत एका चुडात दोन-तीन रोपं धरतात, हुबेहूब तसं. कपाळावरचे मूळचे केस पुढं झुकलेले असतात, हे काटकोनात उभे. कंगवा फिरवला की अडतो, पाणी मारून बसवले तरी फटकन वर. बोट फिरवलं तर मुळाशी बारीक खळगे लागतात.

हे सगळं पुढचं झालं आणि पुढचं सगळ्यांना दिसतं. मी मागं एक नंबरचं, म्हणजे अगदी बारीक कापणारं मशीन लावलं तेव्हा माझाच हात थांबला. कसर लागलेल्या स्वेटरसारखं डोकं. कुठं रुपयाएवढा भाग मोकळा, कुठं पांढऱ्या टिपक्यांची रांगोळी, कानामागं तर जवळजवळ काहीच नाही.

खरी मेख इथं आहे. केशरोपणात नवा केस तयार होत नाही, मागचा पुढं जातो, एवढंच. डोक्याचा मागचा पट्टा म्हणजे भाताचा तरवा, लावणीसाठी आधी वाढवून ठेवलेली रोपं. तिथले केस टक्कल पडणाऱ्या माणसाचेही सहसा टिकतात, म्हणून तिथून काढायचे. फरक एवढाच की शेतातला तरवा पुढच्या वर्षी परत टाकता येतो. डोक्यावरचा एकदाच मिळतो आणि त्यातनं जन्मभरात काही हजार ग्राफ्टच काढता येतात. मग 'अनलिमिटेड' कुठून आणणार? शिवाय 26 व्या वर्षी टक्कल कुठवर जाणार ते ठरलेलं नसतं. सगळं बियाणं पुढं कपाळावर ओतलं आणि पाच वर्षांनी मधला भाग गेला, तर तिथं लावायला काही उरत नाही. पुढं झालर आणि मध्ये मैदान.

त्याला घेऊन मी पुण्याला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. सगळं बघून त्या म्हणाल्या, बारा महिने पूर्ण होऊ द्या, तोवर काही करणार नाही. आधीच्या ठिकाणाहून कागद आणा म्हणाल्या. तिथून फक्त पैसे भरल्याची पावती मिळाली. पेशंटनं मागितल्यावर 72 तासांत कागद द्यायचे असा डॉक्टरांसाठी नियम आहे, हे मला या वयात कळलं. बाईंनी डोक्याला छोटी दुर्बीण लावून मागचे केसही बारीक होत चाललेत का ते पाहिलं. मागचेच विरळ होत असतील तर रोपण करायचंच नसतं, कारण तिथला केस कुठंही लावला तरी टिकायचा नाही. कातडीचा काही आजार असला तरी लावलेलं जगत नाही, मग तुकडा काढून तपासतात. याचं तसं काही निघालं नाही. नासधूस हातांनीच झालेली होती. मुळं काढताना तुटली असतील, नाहीतर काढलेले ग्राफ्ट बाहेर सुकले असतील. ते थंड सलाइनमध्ये ठेवायचे असतात, तरवा उपटून उन्हात टाकला तर काय होणार?

मग औषधं चालू झाली, उरलेले केस सांभाळायला. चौदाव्या महिन्यात दुरुस्ती. पुढच्या ओळीतले 160 झुबके बारीक पंचनं, म्हणजे पोकळ सुईसारख्या हत्यारानं, परत उपटून काढले. ते फेकले नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे एकेक केस वेगळे केले आणि योग्य कोनात परत लावले. काही मागं, काही पुढच्या ओळीत विस्कटून. कानशिलाकडचे दोन कोपरे फार खाली उतरवले होते, ते काढून मोकळेच सोडले. मागच्या मोकळ्या डागांत हनुवटीखालची दाढी लावली. दाढीचा केस जाड आणि राठ, म्हणून तो कपाळावर लावत नाहीत, मागं खपून जातो. तरी जे भरलं नाही तिथं शाईचे बारीक ठिपके गोंदून घ्यायचा पर्याय त्यांनी सांगितला, तो पुतण्यानं अजून घेतलेला नाही. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पहिल्यासारखं होणार नाही, लक्षात येणार नाही इतपत करू. खर्च पहिल्यापेक्षा जास्त झाला. किती, ते वहिनींना अजून माहीत नाही, म्हणून इथं लिहीत नाही.

दुरुस्तीच्या नावाखालीही दुकानं निघालीत. सहाव्या महिन्यातच "आणखी 2,000 टाकू, भरून येईल" असं पहिल्या क्लिनिकनं पुतण्याला फोनवर सांगितलं होतं. तो गेला असता तर मागं उरलंसुरलंही गेलं असतं.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सप्टेंबर 2022 मध्येच सांगून ठेवलंय की केशरोपण शस्त्रक्रियेचं रीतसर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनंच करावं, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून शिकणं पुरेसं नाही. मदतनीस असले तरी डॉक्टरच्या देखरेखीखाली. त्याआधी 2019 मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर मृत्यू झाला होता, ती बातमी तुम्हीही छापली असेल. फसलेल्यांना जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. पुतण्या करणार नाही म्हणतो. ऑफिसात कळेल म्हणून.

मी माझ्या आरशातली सगळी कार्डं काढली. आता तुमच्याकडं एक मागणं आहे. जाहिरात घेऊ नका असं म्हणत नाही, पेपर चालवायला पैसे लागतात, मला दुकान चालवायला लागतात तसेच. पण जाहिरातीखाली शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचं नाव, शिक्षण आणि नोंदणी क्रमांक असल्याशिवाय ती छापू नका. रविवारच्या त्या अर्ध्या पानात नटाचा फोटो होता, चार फोन नंबर होते, डॉक्टर एकही नव्हता. आणि 'आधी-नंतर'चे फोटो छापायचेच असतील तर डोक्याच्या मागचाही एक छापायला सांगा.

पुतण्या आता दर तीन आठवड्यांनी येतो. मागं चार नंबरच्या खाली मशीन लावायचं नाही, असं आमचं ठरलंय. आरसा मी धरत नव्हतो. परवा केस झटकून उठता उठता त्यानंच मागितला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि म्हणाला, "कानामागं जरा जास्त ठेवा पुढच्या वेळी."

आपला,
एक सलूनवाला, भोर (जि. पुणे)

(पुतण्याला विचारून लिहिलं आहे. कृपया माझं नाव छापू नये, गावात दुकानं मोजकीच आहेत.)